झिंगारोचा बोगदा : न झालेल्या एका रस्त्याचा इतिहास

१/
सिसिली बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर डोंगर फोडून काढलेला एक बोगदा आहे. मोटारी सहज जाव्यात एवढा तो रुंद आहे, परंतु त्यातून मोटार कधीच जात नाही. बोगदा ओलांडला की पुढे रस्ता नाही. आहे ती केवळ एक पायवाट. उजव्या हाताला खोल निळा समुद्र, डाव्या हाताला चुनखडीचे उभे कडे. हा रस्ता येथेच का थांबला? या प्रश्नाच्या उत्तरात दहा हजार वर्षांचा इतिहास दडलेला आहे.
#इतिहास #थ्रेड

२/
हे ठिकाण म्हणजे झिंगारोचे राखीव निसर्गक्षेत्र. दक्षिणेस स्कोपेल्लो हे खेडे, उत्तरेस सान व्हितो लो कापो हे गाव आणि मध्ये सुमारे सात किलोमीटरांचा किनारा. क्षेत्रफळ सुमारे १६५० हेक्टर. समुद्रसपाटीपासून उठणारा डोंगर थेट ९१३ मीटरपर्यंत चढतो. पायथ्याशी पांढऱ्या गोट्यांच्या लहान लहान खाड्या आहेत. आत हॉटेल नाही, वाहन नाही. भूमध्य समुद्राच्या काठावर असा सलग मोकळा किनारा आता विरळाच सापडतो.

३/
सुट्टीसाठी येणारा प्रवासी या किनाऱ्याला सहजच ‘अस्पर्श’ म्हणून जातो. शब्द मोहक आहे, परंतु खरा नाही. मनुष्याचा हात या किनाऱ्याला हजारो वर्षे लागत आलेला आहे. शिकारी, शेतकरी, व्यापारी, कोळी, चाचे आणि पहारेकरी असे सगळे येथून गेले. तरीही तो मोकळा राहिला, यामागे निसर्गापेक्षा इतिहासाचा वाटा मोठा आहे. तो क्रमाने पाहू.

४/
आरंभ उझ्झोच्या गुहेपासून. झिंगारोच्या उत्तर भागात, समुद्राकडे तोंड करून असलेली ही प्रचंड गुहा मध्याश्मयुगात माणसांचे घर होती. १९७०च्या दशकात सुरू झालेल्या उत्खननात येथे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची दफने सापडली. हरणे आणि रानडुकरे यांच्या हाडांबरोबर खडकाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांचे ढीग सापडले. डॉल्फिन आणि देवमासे यांचीही हाडे मिळाली. डोंगर आणि समुद्र अशी दोन्ही कोठारे या लोकांच्या दाराशी होती.

५/
गुहेचे खरे महत्त्व तिच्या थरांत आहे. खालच्या थरांत शिकारी, तर वरच्या थरांत गहू, जव, शेळ्या-मेंढ्या आणि मातीची भांडी. सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी समुद्रमार्गे शेती सिसिलीत आली. जगाच्या इतिहासातील तो फार मोठा बदल एकाच गुहेत, एकावर एक रचलेल्या मातीत वाचता येतो. आज प्रवासी तिच्या तोंडाशी येऊन सावलीत घोटभर पाणी पितो आणि पुढे जातो.

६/
आता काही हजार वर्षे पुढे. कास्तेल्लाम्मारेच्या आखाताच्या दक्षिणेस, डोंगरांत सेजेस्ता नावाचे नगर वसले. तेथील एलिमियन लोक स्वतःला ट्रॉयहून पळून आलेल्यांचे वंशज मानीत. आज जेथे कास्तेल्लाम्मारे देल गोल्फो हे गाव आहे, तेथे या नगराचे बंदर होते. दक्षिणेच्या सेलिनुस या ग्रीक नगराशी सेजेस्ताचे हाडवैर होते. एकट्याने लढण्याचे बळ नव्हते. म्हणून त्याने अथेन्सचे दार ठोठावले.

७/
अथेन्सने विचारले, युद्धाचा खर्च कोण देणार? सेजेस्ताने आपली श्रीमंती पाहण्यासाठी दूत बोलावले. त्यांना एरिक्सच्या डोंगरावरील देवालयातील चांदीची भांडी दाखवली. मग घरोघरी मेजवान्या झाल्या आणि प्रत्येक घरी सोन्या-चांदीचे पेले झळकले. प्रत्यक्षात पेले तेच होते! गावातून आणि शेजारच्या नगरांतून उसने आणलेले पेले गुपचूप एका घरातून दुसऱ्या घरात फिरत होते. ही हकिकत थ्युसिडिडीस या समकालीन इतिहासकाराने नोंदवली आहे.

८/
इ. स. पू. ४१५मध्ये १३४ युद्धनौकांचे आरमार सिसिलीकडे निघाले. सेजेस्ताच्या खजिन्यात केवळ तीस टॅलेंट चांदी असल्याचे वाटेत उघड झाले, पण आता माघार घेणे अथेन्सला मानवणारे नव्हते. दोन वर्षांत संपूर्ण मोहीम बुडाली. सात हजारांहून अधिक कैदी सिराक्यूजच्या दगडखाणींत कोंडले गेले. उसन्या पेल्यांना भुलण्याची एवढी जबर किंमत इतिहासात क्वचितच कोणी मोजली असेल.

९/
सेजेस्ताचे मंदिर आजही टेकडीवर उभे आहे. त्याचे ३६ स्तंभ शाबूत आहेत, पण स्तंभांवरील उभ्या पन्हळी कोरायच्या राहून गेल्या. काम अर्धवट सोडल्याची खूण अडीच हजार वर्षे तशीच आहे. या प्रदेशात अपुऱ्या राहिलेल्या बांधकामांना आपापली गोष्ट आहे. मंदिर हे त्यांतले एक. पहिल्या भागातला बोगदा हे दुसरे.

१०/
इ. स. ८२७मध्ये उत्तर आफ्रिकेतून अरब सेना सिसिलीत उतरल्या. ८३१मध्ये पालेर्मो त्यांच्या हाती आले. त्यांच्याबरोबर पाटपाण्याची कला, लिंबूवर्गीय फळे आणि ऊस आला. अकराव्या शतकात नॉर्मन सरदारांनी बेट जिंकले, परंतु अरब विद्वान, कारागीर आणि हिशेबनीस यांना दूर केले नाही. पालेर्मोच्या दरबारात लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तीन भाषांत कारभार चाले.

११/
याच दरबारात राजा दुसरा रॉजर याच्या आश्रयाने अल्-इद्रीसी हा भूगोलकार काम करीत होता. त्याने चांदीच्या तबकडीवर जगाचा नकाशा कोरवून घेतला आणि ११५४मध्ये त्याचे विवरण करणारा ग्रंथ पुरा केला. त्या ग्रंथात कास्तेल्लाम्मारेचा किल्ला आहे. त्याच ग्रंथात मोठ्या खाडीवरील सुंदर नगर म्हणून ‘ताना’ म्हणजे आपले ठाणे आहे, तेथील वंशलोचनाचा उल्लेख आहे, आणि ‘सुबारा’ म्हणजे सोपाराही आहे. सिसिली आणि कोकण हे दोन दूरचे किनारे आठशे वर्षांहून अधिक काळापूर्वी एकाच पुस्तकाच्या पानांत आले होते.

१२/
अरबी काळाची आणखी एक खूण समुद्रात टिकली. स्कोपेल्लोच्या खडकांपाशी ‘तोन्नारा’ आहे. तोन्नारा म्हणजे ट्यूना मासा पकडण्याचे ठाणे : नावांचे गोदाम, जाळी ठेवण्याची जागा आणि कामगारांची घरे. मध्ययुगापासून येथे हा धंदा चाले. त्याच्या प्रमुखाला ‘राईस’ म्हणत. हा शब्द अरबी ‘रईस’ वरून आला. मराठीत श्रीमंत, खानदानी असामीला लावला जाणारा ‘रईस’ हा शब्दही त्याच कुळातला; फारसी-उर्दूच्या वाटेने तो आपल्याकडे पोहोचला.

१३/
वसंत ऋतूच्या अखेरीस ट्यूनाचे थवे किनाऱ्याजवळून जात. त्यांच्या वाटेवर जाळ्यांच्या भिंती उभारून एकामागून एक दालने केली जात. मासा एका दालनातून दुसऱ्यात शिरे. शेवटच्या दालनाचे नावच ‘मृत्यूचे दालन’. राईसने इशारा दिला की कामगार गाण्याच्या ठेक्यावर जाळे वर ओढत आणि समुद्र लाल होई. राईसची आज्ञा अखेरची मानली जाई. कारण एका चुकीने साऱ्या गावाचे वर्षाचे उत्पन्न हातचे जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मासे घटले आणि हा धंदा येथून मावळला. आता तोन्नाराच्या अंगणात पर्यटक छायाचित्रे काढतात.

१४/
समुद्रातून केवळ मासेच येत नसत. सोळाव्या शतकात अल्जियर्स आणि ट्युनिस येथील चाच्यांनी या किनाऱ्यावर दहशत बसवली. पहाटे गलबत यावे, शेतावर निघालेली माणसे पकडावीत आणि उत्तर आफ्रिकेच्या बाजारात गुलाम म्हणून विकावीत. ख्रिस्ती गलबतेही पलीकडच्या मुस्लिम किनाऱ्यांवर असाच उच्छाद मांडीत. दोन्ही काठांवरच्या सामान्य माणसांना समुद्राची भीती सारखीच होती.

१५/
सिसिली तेव्हा स्पेनच्या राजाच्या ताब्यात होती. १५८०च्या दशकात कामिल्लो कामिल्यानी या फ्लॉरेन्सच्या अभियंत्याने बेटाचा किनारा पाहून टेहळणी बुरुजांची योजना मांडली. एका बुरुजावरून दुसरा दिसावा, दिवसा धूर आणि रात्री जाळ करून संकटाची वर्दी पुढे जावी, अशी ही व्यवस्था होती. स्कोपेल्लोचे आणि उझ्झोचे बुरुज या साखळीचे दुवे होते. आज पायवाटेवरून जे बुरुज रम्य वाटतात, ते बांधले गेले धास्तीपोटी.

१६/
येथे पहिले उत्तर मिळते. किनारा प्रथम मोकळा राहिला तो भीतीमुळे. समुद्राच्या तोंडावर कोण घर बांधणार? जी वस्ती झाली ती डोंगराच्या कुशीत, चार-सहा दगडी घरांची. उतारावर बांध घालून थोडे धान्य, ऑलिव्ह आणि बदाम पिकवायचे. खुज्या पाम वृक्षाच्या पानांपासून दोर, टोपल्या आणि केरसुण्या करायच्या. जमीन खडकाळ, पाणी थोडे, बाजार दूर. हे जीवन काटकसरीचे होते. सुट्टीवर आलेल्याला ते रम्य वाटते, पण जगणाऱ्याला ते कठीण होते.

१७/
दुसरे उत्तर गरिबीचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सिसिलीतून लाखो माणसे अमेरिकेला गेली. कास्तेल्लाम्मारेहूनही गेली, आणि त्यांच्याबरोबर गावचे काही गुन्हेगारही गेले. १९३०-३१मध्ये न्यू यॉर्कच्या टोळ्यांत जो रक्तपात झाला, त्याला ‘कास्तेल्लाम्मारेचे युद्ध’ म्हणतात, ते या छोट्या गावावरूनच. इकडे झिंगारोच्या उतारांवरील घरे हळूहळू ओस पडली आणि बांधांवर रानगवत माजले.

१८/
दुसऱ्या महायुद्धानंतर वारे फिरले. भीती गेली, पैसा आला आणि समुद्रकाठची जमीन सोन्याच्या भावाने विकली जाऊ लागली. पालेर्मोभोवती लिंबू-संत्र्यांच्या बागांचा ‘सोनेरी शिंपला’ म्हणून ओळखला जाणारा प्रदेश होता. तो काँक्रीटखाली गेला. व्हितो चान्चिमिनो हा तेव्हा शहराच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचा प्रमुख होता. पुढे न्यायालयाने त्याला माफियाशी असलेल्या संबंधांबद्दल दोषी ठरवले. एर्नेस्तो बाझिले या वास्तुकाराचा देलिएल्ला बंगला १९५९च्या नोव्हेंबरात रातोरात पाडायला घेतला गेला. पन्नास वर्षे पुरी होऊन त्याला कायद्याचे संरक्षण मिळण्याआधीच हा घाव घातला गेला.

१९/
या पार्श्वभूमीवर १९७०च्या दशकात स्कोपेल्लो ते सान व्हितो असा सागरी रस्ता करण्याचे काम हाती घेतले गेले. रस्त्याच्या बाजूने युक्तिवाद होताच : दोन गावे जवळ येतील, आग लागली तर बंब पोहोचेल, तरुणांना रोजगार मिळेल. हे सगळे खोटे नव्हते. पण रस्त्यामागून काय येते, हे पालेर्मोने सर्वांना दाखवून दिले होते. डोंगरात सुरुंग लागले. पहिला बोगदा तयार झाला.

२०/
त्या काळात सिसिलीत जमीन आणि बांधकाम यांविषयी तोंड उघडणे धोक्याचे होते. याच आखाताच्या पूर्वेस चिनिझी हे गाव आहे. विमानतळाच्या धावपट्टीसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांची बाजू पेप्पिनो इम्पास्तातो या तरुणाने तेथे घेतली. स्वतःचे कुटुंब माफियाशी निगडित असताना त्याने आपल्या लहानशा रेडिओ केंद्रावरून माफियाची जाहीर टिंगल केली. ९ मे १९७८ रोजी रेल्वे रुळावर स्फोटाने छिन्न झालेला त्याचा देह सापडला. आरंभी त्याच्यावरच दहशतवादाचा आळ आला. खरा सूत्रधार गाएतानो बादालामेन्ती याला शिक्षा झाली ती २००२मध्ये, म्हणजे २४ वर्षांनी.

२१/
दुसरे नाव पियेरसान्ती मात्तारेल्ला यांचे. जन्म १९३५, गाव कास्तेल्लाम्मारे देल गोल्फो. सिसिली प्रदेशाचे अध्यक्ष असताना त्यांनी सरकारी कंत्राटांतील गैरव्यवहाराला हात घातला. त्यांच्याच कारकिर्दीत १९७८च्या अखेरीस बांधकामांना शिस्त लावणारा नगररचनेचा कायदा झाला. ६ जानेवारी १९८० रोजी पालेर्मोत, पत्नीच्या डोळ्यांदेखत त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांचे धाकटे बंधू सेर्जो पुढे २०१५मध्ये इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले.

२२/
या हत्येला साडेचार महिनेही झाले नव्हते. १८ मे १९८० रोजी सिसिलीच्या निरनिराळ्या गावांतून हजारो माणसे झिंगारोत जमली. निसर्गप्रेमी संघटना होत्या, तशी साधी कुटुंबेही होती. जेथे रस्ता होणार होता, तेथूनच ती पायी चालत गेली. मागणी एकच : रस्ता थांबवा, किनारा राखा. बुरुजांच्या काळात या किनाऱ्यावर जाळ पेटे तो समुद्रावरून येणाऱ्या संकटाची वर्दी देण्यासाठी. या वेळी संकट जमिनीवरून येत होते आणि वर्दी द्यायला माणसे स्वतः आली होती.

२३/
वर्ष पुरे होण्याच्या आत, ६ मे १९८१ रोजी प्रादेशिक विधिमंडळाने उद्याने आणि राखीव निसर्गक्षेत्रे यांविषयीचा ९८ क्रमांकाचा कायदा मंजूर केला. झिंगारो हे सिसिलीचे पहिले राखीव निसर्गक्षेत्र ठरले. रस्त्याचे काम कायमचे थांबले. बोगदा मात्र बुजवला गेला नाही. तोच आज दक्षिणेकडील प्रवेशाची वाट आहे.

२४/
येथे तिसरे उत्तर मिळते. भीतीने मोकळा राहिलेला, गरिबीने ओस पडलेला किनारा पैशाच्या युगात टिकला, तो माणसांनी ठरवले म्हणून. पहिल्या दोन कारणांत माणसांना पर्याय नव्हता, तिसऱ्यात होता. पर्याय निवडताना काय गमवावे लागू शकते, याची दोन उदाहरणे त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

२५/
या निर्णयाचे मोलही पडते. स्कोपेल्लोहून सान व्हितोला मोटारीने जायचे तर आजही डोंगराला मोठा वळसा घालावा लागतो. २०१२ आणि २०२० या दोन्ही वर्षांच्या ऑगस्टमध्ये येथे भीषण वणवे लागले आणि हिरवे उतार काळे पडले. रस्ता नसलेल्या डोंगरात आग विझवणे किती कठीण, हे तेव्हा दिसले. पाम आणि गवत मुळांपासून पुन्हा फुटले. पण राखीव क्षेत्र एकदा जाहीर केले की काम संपत नाही; दर उन्हाळ्यात ते नव्याने राखावे लागते.

२६/
कोणी कधी तेथे जाणार असेल, तर मे किंवा ऑक्टोबर हे महिने बरे. ऐन उन्हाळ्यात कडे तापतात आणि वाटेवर सावली थोडी. पाणी बरोबर असावे, पायांत चांगले बूट असावेत. किनाऱ्याची वाट सुमारे सात किलोमीटरांची; परत त्याच वाटेने यायचे असल्याने दिवस हाताशी ठेवावा. पोहायला खाड्या आहेत, बसायला जुन्या घरांचे ओटे आहेत. उझ्झोच्या गुहेपाशी, बुरुजापाशी आणि ओस पडलेल्या बांधांपाशी क्षणभर थांबावे. या चालीत मध्याश्मयुगापासून १९८०पर्यंतचा काळ पायाखालून जातो.

२७/
आणि परतताना बोगद्यात पुन्हा एकदा थांबावे. सेजेस्ताच्या मंदिराला पाहण्यासाठी लोक दुरून येतात. या बोगद्याचे छायाचित्र मात्र फारसे कोणी काढत नाही. त्यात कोरीव काम नाही, शिलालेख नाही. तरीही अपुऱ्या राहिलेल्या या बांधकामाला स्मारकच म्हणावे लागेल. फरक इतकाच की, ते न झालेल्या गोष्टीचे स्मारक आहे. बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी जो उजेड आणि जो समुद्र दिसतो, तो तेथे दिसतो, कारण १८ मे १९८० रोजी काही हजार माणसे घरी बसली नाहीत.
(समाप्त)